नदीकाठचे शहर आणि चौकटीबाहेरची माणसे

(पिंपरीच्या संत तुकाराम नगरात कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पुणे म्हटले की डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, लकडी पुलावरून दिसणारे मुठेचे पात्र, काठावरचे ओंकारेश्वर, दूरवरची पर्वती, बंडगार्डनचा पूल. चिंचवड म्हटले की पवनेच्या घाटावरचे मोरया गोसावींचे समाधिमंदिर दिसते; देहू म्हटले की इंद्रायणीचा डोह. ही स्थळे ज्यांनी कधी प्रत्यक्ष पाहिलेली नाहीत त्यांच्याही मनात ही चित्रे आहेत, कारण ती त्यांना कॅलेंडरांनी, पाठ्यपुस्तकांनी आणि पर्यटन खात्याच्या पत्रकांनी पुरविली आहेत. शहराची ओळख म्हणून जे समोर ठेवले जाते ते हे.

याच शहरांत दुसऱ्याही एका प्रकारचे छायाचित्र गेली अनेक वर्षे काढले जात आहे. ते कोणत्याही कॅलेंडरावर छापले जात नाही. झोपडीच्या दारात नवरा, बायको, मुले उभी आहेत. पुढे क्रमांक लिहिलेली पाटी आहे. कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. हा झोपडीचा फोटोपास. मुंबईत १९७६ साली झोपड्यांची गणना झाली आणि त्यानंतर असे पास देण्यात आले. पुढे महाराष्ट्रातील इतर शहरांतल्या झोपडपट्टीवासीयांच्याही तो परिचयाचा झाला. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून हा कागद जपला जातो. पुराचे पाणी घरात शिरू लागले तर बाई आधी पोर उचलते आणि मग ती पिशवी.

एक छायाचित्र शहराच्या सौंदर्याचे, दुसरे अस्तित्वाच्या पुराव्याचे. पहिल्यात गरीब माणूस नसतो, आणि असलाच तर शोभेपुरता असतो. दुसऱ्यात तो असतो, पण क्रमांक म्हणून असतो. या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे. ती का रिकामी राहिली आणि ती भरण्याचे काम कोणाचे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. छायाचित्रणासारख्या हौसेच्या विषयाचे राजकीय कार्यकर्त्यांना काय प्रयोजन, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु कोणत्या गोष्टीची नोंद होते आणि कोणत्या गोष्टीची होत नाही, हा प्रश्न अखेर सत्तेचा आहे. आणि सत्तेचा प्रश्न हाच तर राजकारणाचा विषय आहे.

आरंभापासून पाहू. १८३८ च्या सुमारास पॅरिसमध्ये दागेर याने आपल्या खिडकीतून एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्या वेळी त्या रस्त्यावर घोडागाड्या होत्या, माणसे होती, गजबज होती. चित्रात मात्र रस्ता ओस पडलेला दिसतो. कारण साधे आहे. त्या काळी एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. जे हलते ते चित्रात उमटत नसे. इमारती उमटल्या, झाडे उमटली, चालणारी माणसे पुसली गेली. उरल्या दोनच आकृती : एक जण बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबला होता, आणि दुसरा त्याच्या पायाशी बसून ते पॉलिश करीत होता. छायाचित्रात उमटलेली पहिली माणसे म्हणून या दोघांचा उल्लेख केला जातो. एक ग्राहक आणि एक श्रमिक. ग्राहक कोण होता हे ठाऊक नाही. श्रमिक कोण होता हेही ठाऊक नाही. पण तो वाकलेला आहे आणि काम करतो आहे, एवढे दिसते.

हे तंत्र लवकरच हिंदुस्थानात आले. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. नारायण दाजी स्वतः छायाचित्रकार होते. परंतु ते काम खर्चाचे होते. काचेच्या पट्ट्या, विलायती रसायने, अवजड लाकडी पेटी, अंधाऱ्या खोलीऐवजी वापरायचा तंबू आणि हे सारे वाहून नेण्यासाठी हमाल. छायाचित्र काढणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. त्याची पेटी डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्याचे राहिले नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ज्या वस्तूचा उत्पादनखर्च मोठा, तिचे स्वरूप पैसे मोजणारा ठरवितो. पैसे मोजणारे होते सरकार, संस्थानिक, व्यापारी आणि गोरे पर्यटक. त्यांना हवे होते पूल, मंदिरे, दरबार, तटबंद्या. सामान्य माणसांची चित्रे काढली गेली नाहीत असे नाही. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यात माणसे आहेत. पण ती जातीचे आणि जमातीचे नमुने म्हणून आहेत. संग्रहालयातल्या खनिजांना जशी चिठ्ठी लावतात तशी त्यांना चिठ्ठी लावलेली आहे. १८५७ च्या उठावाने हादरलेल्या राज्यकर्त्याला आपली प्रजा ओळखून ठेवायची होती. प्रजेला स्वतःची ओळख हवी आहे काय, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नव्हते.

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे म्हणतात. ते खरे मानले, तरी छायाचित्र अर्धे सत्य सांगते आणि त्याचा परिणाम असत्यापेक्षा वेगळा नसतो, याचे उदाहरण प्लेगच्या काळात सापडते. १८९६-९७ च्या मुंबईतील प्लेगच्या कामाची छायाचित्रे कॅप्टन मॉस याने काढली. इस्पितळे, निर्जंतुकीकरण, तपासणीच्या रांगा, सारे शिस्तीत, सारे स्वच्छ. पाहणाऱ्याला वाटावे की एक दयाळू सरकार एका अडाणी जनतेचे प्राण वाचवीत आहे. याच सुमारास पुण्यात सोजीर घराघरांत शिरत होते, माणसांना बाहेर काढत होते, देवघरापर्यंत जात होते, स्त्रियांची उघड्यावर तपासणी केल्याच्या तक्रारी होत होत्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. ती झाडणारे चाफेकर बंधू चिंचवडचे. प्लेगच्या त्या शिस्तबद्ध अल्बमांकडे पाहून कोणाला कळले असते की अशी काही गोळी झाडली जाणार आहे? दुरून पाहता रांग शिस्तीची दिसते. रांगेतल्या माणसाचा अपमान दिसत नाही. तो दिसायचा तर छायाचित्र काढणारा रांगेतलाच असावा लागतो.

आता आपल्या नद्यांवरच्या वास्तूंकडे येऊ. बंडगार्डनजवळचा बंधारा १८५० च्या सुमारास जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला. दात्याचे नाव बंधाऱ्याला राहिले. येरवड्याच्या पुलाच्या कामाशी ठेकेदार म्हणून जोतीराव फुले यांचा संबंध होता. खडकवासल्याच्या धरणासाठीही त्यांनी माल पुरविला. म्हणजे ज्या माणसाने पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याने नदीवरच्या बांधकामावर घाम गाळणारा मजूर जवळून पाहिलेला होता. पुलाची चित्रे आज हवी तितकी मिळतील. ते दगड फोडणाऱ्या पाथरवटांची आणि चुन्याच्या पाट्या वाहणाऱ्या बायांची चित्रे कुठे आहेत?

मंडईची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात शिक्षणाची आबाळ असताना मार्केटच्या भव्य इमारतीवर एवढा पैसा ओतू नये, असे त्यांचे म्हणणे होते. इमारत १८८६ साली उभी राहिली आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. पुढे नगरपालिकेने तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले. आज मंडईचे छायाचित्र काढणारा तो अष्टकोनी मनोरा चौकटीच्या मध्यभागी घेतो. ज्याच्या नावाने मंडई आहे त्याचा आक्षेप त्या चित्रात येत नाही, आणि पहाटे मालाची पोती पाठीवर घेणारा हमालही येत नाही. आला तरी तो मनोऱ्याची उंची कळावी एवढ्यासाठी येतो.

१२ जुलै १९६१ हा दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि मुठेच्या काठचे अर्धे शहर पाण्याखाली गेले. त्या पुराची छायाचित्रे दर वर्षी जुलैमध्ये वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा छापली जातात : बुडालेले पूल, कोसळलेले वाडे, चिखलाने भरलेले रस्ते. ती मोलाची आहेत यात शंका नाही. परंतु पाणी ओसरल्यावर काय झाले? कोण गोखलेनगरात गेले, कोण सहकारनगरात, कोणाचा धंदा कायमचा बुडाला, भाडेकरूला काय मिळाले आणि मालकाला काय? याचे उत्तर छायाचित्रांत नाही. ते शोधण्याचे काम गोखले अर्थशास्त्र संस्थेने केले. सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांचा पुरानंतरच्या पुनर्वसनाचा अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले होते. त्या ग्रंथांत आकडे आहेत, कोष्टके आहेत. माणसांचे चेहरे नाहीत. इकडे चेहऱ्यांवाचून आकडे आणि तिकडे आकड्यांवाचून चित्रे. पूरग्रस्तांच्या घरांच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला. हे रेंगाळणे ना कोष्टकात मावले, ना चौकटीत.

या दोहोंची सांगड घालता येते, हे इतरत्र सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील मंदीच्या काळात पॉल टेलर नावाचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि डोरोथिया लँग ही छायाचित्रकार, पुढे पतिपत्नी, विस्थापित शेतमजुरांमागून रस्तोरस्ती हिंडली. तो मजुरी, कर्ज आणि जमिनीचे आकडे लिहून घेई. ती चेहरे टिपी, आणि माणसे जे बोलत ते त्यांच्याच शब्दांत नोंदले जाई. १९३९ साली दोघांचे पुस्तक निघाले. आपल्या देशात सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची जी छायाचित्रे काढली ती कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकातून लोकांसमोर आली. एका पक्षाच्या साप्ताहिकाने दुष्काळाला चेहरा दिला, ही गोष्ट पक्षपत्रे चालविणाऱ्या सर्वांनीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. अलीकडच्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे छायाचित्रांतून मांडले; पी. साईनाथ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या न दिसणाऱ्या श्रमाचे प्रदर्शन गावोगाव नेले.

परंतु येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. डोरोथिया लँग हिचे १९३६ सालचे एका स्थलांतरित आईचे चित्र जगभर गाजले. तिकिटावर आले, पुस्तकांत आले, संग्रहालयांत टांगले गेले. त्या बाईचे नाव फ्लॉरेन्स थॉम्प्सन हे जगाला कळायला १९७८ साल उजाडले. त्या चित्रातून तिला एक पैसाही मिळाला नव्हता, आणि त्याबद्दलची खंत तिने बोलून दाखविली. छायाचित्रकार सहृदय होती, हेतू चांगला होता, चित्रामुळे मजुरांच्या छावणीला मदतही पोहोचली. तरीही त्या चित्रातील स्त्री स्वतःच्या चेहऱ्याची मालकीण राहिली नाही. यंत्रावर घडविलेल्या वस्तूवर कामगाराचा हक्क राहत नाही असे आपण म्हणतो. चेहऱ्याच्या बाबतीतही तेच घडते. दारिद्र्य हा काही मंडळींच्या दृष्टीने कच्चा माल आहे, आणि सुरकुत्या जितक्या खोल तितका त्याला भाव अधिक.

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. काचेची पट्टी गेली, फिल्म गेली, धुलाई-छपाईचा खर्च गेला. आज हातगाडीवाल्याच्याही खिशात कॅमेरा आहे. उत्पादनाचे साधन श्रमिकाच्या हाती आले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु साधन हाती आले म्हणजे दृष्टी हाती आली असे होत नाही. संत तुकाराम नगरच्या स्थानकातून मेट्रोत बसावे आणि पुण्याकडे जावे. दापोडीजवळ गाडी मुळा ओलांडते तेव्हा अनेक हात खिडकीकडे वळतात. पूल, पाणी, पलीकडची झाडी, कधी मावळता सूर्य. काठावर धुणी वाळत असतात, राडारोडा पडलेला असतो, पाण्यावर जलपर्णी पसरलेली असते. ते सारे चौकटीबाहेर ठेवण्यासाठी हात थोडा वर जातो. हात श्रमिकाचा असतो. चौकट कॅलेंडरवाल्याची असते.

या मनोवृत्तीची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवर कुंडमळा येथे पावसाळी पाणी पाहायला माणसे लोटली होती. धोकादायक ठरविलेला जुना लोखंडी पूल गर्दीने भरला आणि कोसळला. चौघे मृत्युमुखी पडले, पन्नासांहून अधिक जखमी झाले. त्या पुलावरून फेसाळत्या पाण्याची किती चित्रे घेतली गेली असतील! पुलाच्या गंजलेल्या कांबीचे चित्र काढून, त्याखाली तारीख घालून, ते वरिष्ठांपर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचविणारी संघटना गावात उभी असती, तर कदाचित पूल आधीच बंद झाला असता. चौघांच्या मृत्यूचा दोष पाहायला आलेल्यांवर ढकलणे हा अन्याय होईल. जबाबदारी यंत्रणेचीच आहे. पण यंत्रणेला पाहायला भाग पाडणे हे लोकांचे काम आहे, आणि ते संघटनेवाचून होत नाही.

६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी मुळा-मुठेच्या काठसुधारणेच्या योजनेची पायाभरणी झाली. सुमारे ४४ किलोमीटरचा काठ. या योजनेची जी चित्रे लोकांसमोर ठेवण्यात आली ती पाहण्यासारखी आहेत. ती छायाचित्रे नव्हेत, संगणकावर रंगविलेली संकल्पचित्रे आहेत. निळे पाणी, फरसबंद पायवाट, सायकलवर बसलेली मुले, बाकावर पुस्तक वाचणारी तरुणी. त्यांत गोधडी आपटणारी बाई नाही, म्हशी धुणारा गवळी नाही, भंगार वेचणारा नाही, वडापावची गाडी नाही. पूर्वी छायाचित्रकाराला गरीब माणूस चौकटीबाहेर ठेवायचा तर हात वर करावा लागे. आता तीही गरज उरली नाही. तो रंगवलाच नाही म्हणजे झाले. आणि जो संकल्पचित्रात नसतो, तो उद्या काठावरही नसतो. अहमदाबादेत साबरमतीच्या काठावरून झोपड्या कशा उठल्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

नदीचा काठ मोकळा असावा, पूररेषेच्या आत बांधकाम नसावे, पाणी स्वच्छ असावे, याविषयी समाजवाद्यांचे दुमत असूच शकत नाही. १७ मे २०२५ रोजी चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले महापालिकेने पाडले. त्यापूर्वी तीनच महिने, फेब्रुवारीत, शेजारच्या कुदळवाडीत भंगाराची दुकाने आणि लहान कारखान्यांच्या शेड मोठ्या संख्येने जमीनदोस्त झाल्या. बंगलेवाल्यांचेही नुकसान झाले. त्यांतही आयुष्याची पुंजी घालणारी माणसे होती. पण बंगल्यापाशी खरेदीखत असते, नकाशा असतो, वकील असतो. शेडमध्ये रोजंदारीवर भंगार निवडणाऱ्या मजुरापाशी तो तेथे पाच वर्षे काम करीत होता याचा कोणता पुरावा असतो? शेड पडली त्या दिवशी त्याचा रोजगार गेला एवढेच नव्हे, तो रोजगार कधी होता याची खूणही गेली.

म्हणूनच छायाचित्राचा प्रश्न हौसेचा नाही. शासन पाहणी करते आणि पाहणीत जो आला तोच लाभार्थी ठरतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला. त्याचाही आधार पाहणी हाच आहे. पाहणीच्या दिवशी जो विक्रेता आजारी होता, बाळंतीण होती, गावी होती, ती कागदावर नाही, म्हणून रस्त्यावरही नाही. याच्या उलट उदाहरण पुण्यातच घडले. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायांना चोर समजून कोणीही हटकावे अशी स्थिती होती. संघटनेने सदस्यांना छायाचित्र असलेली ओळखपत्रे दिली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. छायाचित्र तेवढ्याच आकाराचे, फोटोपासावर असते तसेच. पण येथे ते संघटनेने काढले होते, आणि त्याखाली झोपडीचा क्रमांक नव्हता, कष्टकरी स्त्रीचे नाव होते. त्या एका फरकात संघटनेचे सारे सामर्थ्य सामावलेले आहे.

येथे थोडे आत्मपरीक्षणही करावे लागेल. आपल्या चळवळीचे जुने अल्बम उघडून पाहावेत. हार घालणारे आणि हार घेणारे पुढारी, व्यासपीठावरची रांग, ध्वनिक्षेपकासमोर उगारलेला हात. मोर्चाच्या छायाचित्रात फलकावरचा मजकूर वाचता येतो, फलक धरणारा ओळखता येत नाही. मागे नावे लिहिली आहेत ती पाहुण्यांची. म्हणजे जो दोष आपण संस्थानिकांच्या आणि सरकारच्या चित्रांना देतो तो आपल्याही घरी नांदतो आहे. त्यांनी श्रमिकाला इमारतीची उंची दाखविण्यासाठी उभे केले. आपण पुढाऱ्याची उंची दाखविण्यासाठी उभे केले.

याच औद्योगिक पट्ट्याचे पाहा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे औद्योगिक विकास महामंडळ आले, मोठे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात देशभर धावणाऱ्या स्कूटर तयार झाल्या. २००७ मध्ये तेथले उत्पादन थांबले. वाड्याच्या तटबंदीला ऐतिहासिक वास्तू म्हणतात. ज्या फाटकातून दोन पिढ्या तीन पाळ्यांत आतबाहेर करीत होत्या त्या फाटकाला तसे कोणी म्हणत नाही. कामगाराच्या घरात त्या सर्व वर्षांतले एकच छायाचित्र भिंतीवर असते : निवृत्तीच्या दिवशीचे, हातात शाल आणि नारळ. तीस वर्षांचे काम आणि नोंद शेवटच्या अर्ध्या तासाची!

तेव्हा करायचे काय? काम लहान आहे, पण नेमाने करावे लागेल. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीचा, नदीकाठचा, बाजाराचा, कारखान्याच्या फाटकाचा चित्रसंग्रह तयार करावा. तेच ठिकाण दर वर्षी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, एकाच जागेवरून टिपावे. म्हणजे राडारोड्याने पात्र किती आत सरकले हे सांगायला तज्ज्ञ लागणार नाही. नाल्याचे पाणी नदीला मिळते ती जागा टिपावी. पालखी देहूहून आकुर्डीला येते आणि पुढे याच रस्त्याने पुण्याकडे जाते. पताका जरूर टिपाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो रस्ता झाडणारी माणसेही टिपावीत. प्रत्येक चित्रामागे तारीख, ठिकाण आणि माणसाचे नाव लिहावे. नाव विचारल्यावाचून चित्र काढू नये, आणि काढलेल्या चित्राची प्रत त्या माणसाच्या हाती दिल्यावाचून काम पुरे झाले असे मानू नये. ज्या चित्रामुळे अतिक्रमण पथकाला फेरीवाला सापडेल ते चव्हाट्यावर मांडू नये. नोंद कोणासाठी आहे याचा विसर पडला की नोंदीचेच फास होतात. आणि हे काम बाहेरच्या हौशी मंडळींकडे न सोपविता वस्तीतल्या मुलामुलींकडे द्यावे. ती रांगेतली आहेत. रांग त्यांना आतून दिसते.

यामुळे क्रांती होईल असा कोणाचाही भ्रम नाही. पण उद्या पूर आला, योजना आली, पाडकाम आले, तर या माणसांच्या हाती स्वतःची अशी काही नोंद असेल. आकडे संस्थांनी द्यावेत, चेहरे लोकांनी द्यावेत. दोन्ही एकत्र आले की निवेदनाला वजन येते.

आपण ज्या नगरात जमलो आहोत त्याला तुकोबांचे नाव आहे. तुकोबांचे छायाचित्र असण्याचा प्रश्नच नाही. तरी आज कोणीही डोळे मिटून तुकोबा आठवले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे विष्णुपंत पागनीस उभे राहतात. प्रभातचा १९३६ चा चित्रपट पुण्यात तयार झाला आणि एका नटाचा चेहरा संताचा चेहरा होऊन बसला. कॅमेऱ्याचे सामर्थ्य एवढे आहे. पण तुकोबांच्या चरित्रात नोंदीविषयी याहून मोठा धडा आहे. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. पुढे त्यांचे अभंगही त्याच नदीत बुडविण्यात आले आणि लोकांनी ते तारले, हेही परंपराच सांगते. माणसाला बांधणारा कागद नदीने नेला. माणसाला बोलते करणारा कागद नदीला नेता आला नाही, कारण तो लोकांच्या मुखात होता. फोटोपासाच्या पाटीवरील क्रमांक हा पहिल्या जातीचा कागद आहे. दुसऱ्या जातीचा कागद तयार करणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन आज येथे जमलेल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.